हसू कुणाच्या बाजूचं?

भाऊबीज झाली की वैनगंगेच्या खोऱ्यात मंडया सुरू होतात. धान कापणीला आलेलं असतं, पाहुणे गावात उतरलेले असतात, दिवसा बाजार भरतो, गोवारी नाचतात आणि रात्री सगळं गाव मंडपाकडे वळतं. कुठे दंडार, कुठे खडी गंमत, कुठे वडशाहून आलेल्या कंपनीचं नाटक. बाघ नदीच्या दक्षिणेला गोंदिया जिल्हा, उत्तरेला बालाघाट. मंडई मात्र नदी ओळखत नाही. हट्टा हे गोंदिया आणि बालाघाट या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यातलं गाव. बाहेरची माणसं इथे जुनी दगडी बावडी पाहायला येतात. आमच्या बाजूच्या माणसाला हिवाळ्यात दुसरीच चौकशी असते: यंदा नाटक कोणतं आणि त्यात विनोदी नट कोण. नायक कोण हे क्वचितच कुणी विचारतं.

असा नट आपल्या मुलखात देवासारखा असतो आणि मुलखाबाहेर त्याला कुणी ओळखत नाही. म्हणून त्याच्यापुढे कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतो. मोठ्या प्रेक्षकाकडे जायचं का? गेलं तर बोली, लकब, वेळ काढून रंगवत नेण्याची सवय, हे सगळं सोबत येईल का? मराठी विनोदाच्या गेल्या साठ वर्षांत हा प्रश्न अनेकांना पडला आणि प्रत्येकानं त्याची किंमत वेगवेगळी मोजली. हट्ट्यासारख्या ठिकाणाहून पाहिलं की त्यात आणखी एक पेच दिसतो. मुंबईच्या नटाला मोठा प्रेक्षक म्हणजे हिंदी. कोल्हापूर-सांगलीच्या नटाला आधी पुणे-मुंबई, मग हिंदी. आमच्याकडे मात्र दोन्ही दारं एकाच वेळी समोर असतात. 1956 पर्यंत भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती. त्या वर्षी राज्यांची फेररचना झाली, भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. घरात पोवारी किंवा मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, टीव्हीवर मुंबईची मराठी, ही आमची रोजची स्थिती. इथून बाहेर पडणाऱ्या नटाला प्रमाण मराठीही परकी आणि हिंदीही परकीच.

आधी त्याच्याकडे असतं काय, ते पाहायला हवं. खडी गंमतीत शाहीर, साथीदार आणि नाच्या सगळे उभ्यानं खेळ करतात. ढोलकी, तुणतुणं, झांजा, गण, गवळण आणि मग सोंग. संहिता नावाची गोष्ट फारशी नसते. त्या गावात आठवड्यापूर्वी काय घडलं, सरपंच कुणावर रागावला, धानाला भाव काय मिळाला, हे सगळं सोंगात शिरतं. वडशाच्या कंपन्यांच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, नाटकाला संहिता असते, रंगवलेले पडदे असतात, पण तालमी फार होत नाहीत. आडून शब्द सांगणारा प्रॉम्प्टर असतो आणि नट त्यावर रात्र काढतात. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. एवढ्या वेळात विनोदी नटाला जे स्वातंत्र्य मिळतं ते शहरातल्या अडीच तासांच्या नाटकात कुणालाच मिळत नाही. प्रेक्षक हसला तर तो प्रवेश लांबवतो, झोपेला आला तर गाणं मध्ये घालतो.

या नाटकांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नायक, नायिका, खलनायक बहुधा पुस्तकी मराठीत बोलतात. झाडीबोली येते ती विनोदी नटाच्या तोंडी. ‘पाणी’चं ‘पानी’, ‘डोळे’चं ‘डोरे’ तोच करतो. वरवर पाहिलं तर हा बोलीचा अपमान वाटेल: घरची भाषा फक्त हसण्यापुरती ठेवली. प्रत्यक्षात मंडपात बसलं की उलटं जाणवतं. नायकाची भाषा प्रेक्षक ऐकून घेतो. विनोदी नटाची भाषा त्याची स्वतःची असते. सावकाराला, पाटलाला, इन्स्पेक्टरला जे नायक तोंडावर बोलू शकत नाही ते हा माणूस बोलून जातो आणि चारशे माणसं एकदम हसतात, कारण त्यांच्या मनातलं कुणीतरी त्यांच्याच शब्दांत बोललेलं असतं. हसू त्याच्या बाजूनं असतं. तेच वाक्य, तीच बोली, तोच हेल दुसऱ्या सभागृहात गेला की हसू नेमकं फिरतं: प्रेक्षक नटासोबत हसायचं सोडून नटाच्या गावाला हसू लागतो. शैली गेली, शैली टिकली असं आपण सरसकट म्हणतो. माझ्या मते खरा धोका या फिरण्यात आहे, आणि पुढची सगळी उदाहरणं मी याच कसोटीवर पाहतो.

दादा कोंडके यांच्यापासून सुरुवात करावी लागते. मुंबईच्या गिरणगावात वाढलेले, अपना बाजारात नोकरी केलेले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेले दादा 1965 मध्ये वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात सोंगाड्या म्हणून उभे राहिले. त्याचे पंधराशेहून जास्त प्रयोग झाले. संहिता सबनीसांची असली तरी दादांचा जीव होता तो ताज्या हवाल्यात. त्या दिवशीचं वर्तमानपत्र, समोर बसलेला पुढारी, राज्यकर्त्यांची चूक, सगळं त्याच रात्री रंगमंचावर येई. हा खडी गंमतीतल्या सोंगाड्याचाच वारसा होता, फक्त थिएटर तिकिटाचं आणि शहरातलं. ‘विच्छा’तून ते भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त आले आणि 1971 मध्ये त्यांनी स्वतः निर्मिती करून ‘सोंगाड्या’ काढला.

कॅमेऱ्यासमोर ताजा हवाला चालत नाही. आज केलेला विनोद सहा महिन्यांनी पडद्यावर येतो आणि पुढची दहा वर्षं गावोगावच्या तंबूत चालतो. हा तोटा दादांनी भरून काढला तो व्यक्तिरेखेनं. ढगळ अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी, आयेच्या धाकातला भोळा नाम्या. हा माणूस कुठल्याही गावातला असू शकत होता आणि तो हरत नव्हता. पोलीस, पुढारी, सावकार, शहरी शहाणे त्याच्यापुढे फजीत होत. द्व्यर्थी संवादांवरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली, सेन्सॉरशी त्यांचे वाद गाजले. ती टीका सगळीच चुकीची नव्हती. पुढच्या काही चित्रपटांत द्व्यर्थच मुख्य झाला, गोष्ट मागे पडली आणि बायकांच्या वाट्याला आलेलं हसणं अनेकदा ओंगळ होतं. तरी ‘सोंगाड्या’, ‘एकटा जीव सदाशिव’, ‘पांडू हवालदार’ पाहताना हसू कुणाच्या बाजूचं आहे याबद्दल शंका राहत नाही. गिरणीतला कामगार आणि बैलगाडीतून तंबूकडे आलेला शेतकरी दोघंही त्याच्या बाजूनं हसत होते. लागोपाठ नऊ चित्रपटांनी पंचवीस आठवडे ओलांडले आणि गिनीज बुकात नोंद झाली.

हे सगळं शक्य झालं कारण निर्मितीची दोरी त्यांच्या हातात होती. ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये जागा मिळण्यावरून झालेला तंटा आणि त्यात बाळासाहेब ठाकरे यांनी घेतलेली उडी हा आता मराठी चित्रपटाच्या इतिहासाचा भाग आहे. मोठा प्रेक्षक म्हटलं की आपण रुचीबद्दल बोलतो. बऱ्याचदा तो प्रश्न थिएटर कुणाच्या ताब्यात आहे एवढाच असतो.

मग 1984 पासून दादांनी हिंदीत उडी घेतली. ‘तेरे मेरे बीच में’, 1986 मध्ये ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’, पुढे ‘आगे की सोच’ आणि ‘खोल दे मेरी जुबान’. निर्मितीची सूत्रं इथेही त्यांच्याकडेच होती आणि या चित्रपटांना प्रेक्षक मिळालाच नाही असंही नाही. तरी यातला एकही चित्रपट ‘सोंगाड्या’च्या जवळ जात नाही. कारण पडद्यावर सरळ दिसतं. शीर्षकातला द्व्यर्थ हिंदीत आणता आला. आये आणता आली नाही, तमाशाचा फड आणता आला नाही, हवालदाराच्या तोंडची ती शिवराळ माया आणता आली नाही. गावाचा आधार गेला आणि चावट शब्द उरला. हिंदी प्रेक्षकाला दादांचं नाव माहीत झालं ते त्यांच्यातल्या सर्वात हलक्या भागामुळे. मराठीत पाटलाला हसवून पाडणारा माणूस तिकडे नुसता चावट ठरला, याचं मला आजही वाईट वाटतं.

नियंत्रण हातात असणं आवश्यक आहे पण पुरेसं नाही, हे जगातल्या दोन मोठ्या विदूषकांकडे पाहूनही कळतं. चार्ली चॅप्लिननं 1919 मध्ये इतरांसोबत युनायटेड आर्टिस्ट्स ही स्वतःची संस्था उभी केली. बोलपट आल्यावर सगळा धंदा आवाजाकडे पळाला तेव्हाही त्यानं 1931 मध्ये ‘सिटी लाइट्स’ आणि 1936 मध्ये ‘मॉडर्न टाइम्स’ काढून आपला मुका भटक्या जपला. तो बोलला ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये, 1940 साली, जेव्हा बोलण्यासारखं काही होतं. बस्टर कीटन मात्र 1928 मध्ये एमजीएम या मोठ्या स्टुडिओशी करारबद्ध झाला. तिथे पटकथा, वेळापत्रक, संकलन सगळं इतरांच्या हाती गेलं आणि तो करार आपल्या आयुष्यातली सर्वात मोठी चूक होती असं पुढे त्यानं स्वतःच सांगितलं. त्याचा चेहरा तोच होता, अंगातली कसरत तीच होती. त्या चेहऱ्याभोवतीचा वेळ मात्र स्टुडिओनं ठरवायला सुरुवात केली.

मराठीत कीटनची गोष्ट आठवावी असं आयुष्य लक्ष्मीकांत बेर्डे यांचं. ‘टुरटुर’ या नाटकातून ते पुढे आले, ‘धूमधडाका’, ‘दे दणादण’, ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटांनी घराघरात गेले. त्यांचा विनोद वेगाचा होता. बोलता बोलता शब्द तुटणं, डोळे विस्फारणं, समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी उत्तर देणं, आणि त्या धांदलीत एक निरागस पोरकेपण. 1989 मध्ये ‘मैंने प्यार किया’ आला आणि देशभर लोकांना त्यांचा चेहरा ओळखीचा झाला. पुढे ‘साजन’, ‘बेटा’, ‘हम आपके हैं कौन’. मराठीत जो माणूस गोष्टीचा नायक होता तो हिंदीत नायकाचा मित्र किंवा घरचा नोकर झाला. लकब तीच, वेग तोच, पण मालकाच्या हवेलीत तो वेग वेंधळेपणा ठरला. हसू त्याच्यासोबत राहिलं नाही, त्याच्यावर आलं. पैसा आला, कीर्ती आली. मला त्याचा आक्षेप नाही, नटालाही घर चालवायचं असतं. पण त्या मोठ्या चित्रपटांतला बेर्डे हा मूळ बेर्डेच्या फार थोडक्या अंशाएवढा होता, हे नोंदवायला हवं.

याच काळात त्यांनी एक वेगळीच जोखीम घेतली. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘एक होता विदूषक’ 1992 मध्ये तयार झाला. आबुराव हा तमाशातला सोंगाड्या. फडावर वाढलेला, हजरजबाबी. तो सिनेमात जातो, मोठा होतो, राजकारणाच्या मंचावर चढतो आणि चढता चढता त्याच्या विनोदातला प्राण हरवतो. आपण ज्या प्रश्नाचा आढावा घेतो आहोत त्यावर मराठीत याहून थेट कलाकृती नाही. फडावर आबुराव सत्तेला टोचत असतो. शेवटी सत्ता त्याला गर्दी जमवण्यासाठी वापरते. हसू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला कसं नेलं जातं याची ही पूर्ण गोष्ट आहे. बेर्डे यांनी ती ज्या संयमानं केली ती पाहून थक्क व्हायला होतं. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांचा गौरव झाला. मात्र बेर्डे यांच्या हमखास प्रेक्षकानं हा चित्रपट आपला मानला नाही. त्यांना हवा होता तो धांदलीतला लक्ष्या. मोठ्या बाजाराकडे जाताना शैली धोक्यात येते तशी, बाजार मिळाल्यानंतर शैली बदलायची मुभाही जाते. बेर्डे 2004 मध्ये गेले. त्यांच्यातल्या आबुरावाला पुढे कुणी बोलावलंच नाही, हा मराठी चित्रपटसृष्टीचा मोठा करंटेपणा आहे.

अशोक सराफ यांना हिंदीनं थोडं बरं वागवलं. चित्रपटांत त्यांच्याही वाट्याला मुनीम, हवालदार आले, पण 1995 मध्ये सुरू झालेल्या ‘हम पाँच’ या मालिकेत ते घराचे कर्ते होते, आणि विनोदाच्या जागा निवांत धरायला आठवडेच्या आठवडे मिळाले. वेळ मिळाला की शैली सावरते. आणखी एक नाव इथे आठवतं, नट नसलं तरी. संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील, दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’मधून पुढे आले आणि तेच ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’चे संगीतकार झाले. सुरांना भाषेची सीमा ओलांडताना नोकराचा वेश घ्यावा लागला नाही.

बोली घेऊनच मोठ्या प्रेक्षकाकडे गेलेली माणसंही आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं जास्त आहे. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ 1979 पासून एकट्यानं केलं, बावन्न पात्रं एका माणसानं. मराठवाड्याच्या एका खेड्यातलं लग्नाचं वऱ्हाड विलायतेला निघतं, एवढीच गोष्ट. पुण्या-मुंबईतल्या प्रेक्षकाला ही बोली परकी होती, आणि खेडवळांच्या फजितीवर हसण्याचा मोह समोर होता. तो धोका देशपांडे यांनी टाळला तो माणसं उभी करून. बावन्नांतलं प्रत्येक माणूस स्वतःच्या तर्कानं वागतं, त्याच्या घाबरण्याला कारण असतं. प्रेक्षक हसत हसत वऱ्हाडात सामील होतो.

मकरंद अनासपुरे यांनी हेच पडद्यावर केलं. ‘कायद्याचं बोला’ (2005) हा ‘माय कझिन विनी’ या अमेरिकी चित्रपटावर बेतलेला. त्यात मराठवाडी हेलातला वकील कोर्टात उभा राहतो आणि सगळे त्याला हलका समजतात. सुरुवातीला प्रेक्षकही त्याच्या बोलण्याला हसतो. तासाभरात तोच प्रेक्षक, त्या वकिलाला हसणाऱ्यांना हसू लागतो. हसू एका बाजूनं सुरू करून दुसऱ्या बाजूला न्यायची ही कारागिरी फार अवघड आहे. पुढे त्यांच्या लागोपाठच्या चित्रपटांत हेल हाच विनोद होऊन बसला आणि धार बोथट झाली, हेही खरं. पण 2009 च्या ‘गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा’मध्ये राजकारणाला जागच्या जागी पकडताना ती धार परत दिसते.

टीव्हीनं मग सगळंच बदललं. 2014 मध्ये झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं, 2018 मध्ये सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. आमच्या बाजूच्या घरांत हे कार्यक्रम जितक्या भक्तिभावानं पाहिले गेले तितक्या भक्तिभावानं दुसरी मराठी मालिका पाहिली गेली नाही. भारत गणेशपुरे यांच्यामुळे अमरावतीकडची वऱ्हाडी आठवड्यातून दोनदा सगळ्या महाराष्ट्राच्या कानावर पडू लागली. वऱ्हाडी आणि झाडी वेगळ्या, पण विदर्भाचा आवाज कुणी नक्कल म्हणून न काढता स्वतःचा म्हणून बोलतो आहे याचं अप्रूप इथेही होतं. हास्यजत्रेनं कोकणातले, पवईच्या फिल्टर पाड्यातले, कुठल्या कुठल्या एकांकिकांमधून आलेले नट एका मंचावर आणले. हे मोठं काम आहे.

तरी टीव्हीच्या रचनेत एक अडचण आहे. प्रहसन काही मिनिटांचं असतं. खडी गंमतीतला नट प्रेक्षकाला हळूहळू आपल्या बाजूला ओढतो. इथे पहिल्या अर्ध्या मिनिटात हशा हवा. मग सगळ्यात सोपा हशा जिथे असतो तिथे लेखक जातो: हेल, पुरुषानं नेसलेली साडी, जाड शरीर, काळा रंग. त्यातून एखादं वाक्य लोकप्रिय होतं आणि पुढची पाच वर्षं नटाला ते ओढावं लागतं. शिवाय कॅमेरा दर हशाला सोफ्यावर बसलेल्या परीक्षकांकडे किंवा प्रसिद्धीसाठी आलेल्या हिंदी ताऱ्याकडे वळतो. कधी हसायचं हे प्रेक्षक त्यांच्या चेहऱ्यावरून शिकतो. ‘चला हवा येऊ द्या’च्या थुकरटवाडीत शाहरुख खान बसला की गावाकडचा नट नकळत त्याला हसवायला खेळू लागतो, आपल्याला नाही. हास्यजत्रेतल्या समीर चौघुले, नम्रता संभेराव यांच्या कित्येक प्रहसनांत ही चौकट मोडलेली दिसते. पात्राचं दुःख विनोदाखाली शाबूत राहतं. अशा वेळी मी टीव्ही बंद झाल्यावरही त्या पात्राचा विचार करत राहतो.

2024 मध्ये सोनीच्या ‘मॅडनेस मचाएंगे’ या हिंदी कार्यक्रमात गौरव मोरे आणि कुशल बद्रिके हे मराठी टीव्हीवरचे विनोदी नट गेले. मराठीत गौरव मोरेचा फिल्टर पाडा ही एक जागा आहे, तिथली गल्ली, मित्र, उधारी, अपमान आपल्याला माहीत आहे. हिंदीत ती जागा नव्यानं उभी करावी लागते आणि तेवढी सवड कार्यक्रमात नसते. नट तोच, चपळाई तीच, पण प्रेक्षकाला ठाऊक असलेलं मागचं गाव नाही.

हिंदीच्या दाराबद्दल बोलताना आमच्याच शेजारची दोन माणसं विसरून चालणार नाही. 2005 च्या ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’मध्ये पहिला आला वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा सुनील पाल, दुसरा आला सिवनीचा एहसान कुरेशी. सिवनी म्हणजे बालाघाटला लागून असलेला जिल्हा. कुरेशीचा बाज मुशायरा आणि कविसंमेलनाच्या मंचावरचा: रडवेल्या, लांबवलेल्या सुरात अत्यंत क्षुल्लक गोष्ट शेरासारखी सादर करायची. दिल्ली-मुंबईच्या टीव्हीला वेग हवा असताना हा माणूस संथ राहिला. तो टिकला कारण त्याच्या मागे कविसंमेलनाची परंपरा होती आणि हिंदी पट्ट्यातल्या कोणत्याही कसब्यातल्या प्रेक्षकाला ती ओळखीची होती. अलीकडे इंदूरच्या झाकिर खाननं ऑगस्ट 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीतून कार्यक्रम केला. त्यानं इंदूरची चाल सोडली नाही. प्रेक्षक वाढत गेला तशी चाल त्यांना सवयीची होत गेली. हिंदीतल्या लहान गावच्या माणसाला हे शक्य होतं, कारण त्याची बोली मोठ्या भाषेच्या कुशीत आहे. पोवारी किंवा झाडी बोलणाऱ्या नटाला हिंदीत शिरायचं तर बोली दाराबाहेरच ठेवावी लागते. हा फरक नटाच्या गुणवत्तेचा नाही.

आणि काही जण गेलेच नाहीत. ‘गाढवाचं लग्न’चा सावळ्या कुंभार म्हणजे दादू इंदुरीकर, संगीत नाटक अकादमीचा सन्मान त्यांच्याकडे तमाशाचा सोंगाड्या म्हणूनच आला. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू, लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, आयुष्यभर तमाशाच्या फडावर राहिले. ‘जहरी प्याला’ या वगासाठी लोक मैलोन् मैल चालत येत. आमच्या झाडीपट्टीतलं नाव परशुराम खुणे यांचं. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणून लोक त्यांना ओळखतात. आठशेच्या आसपास भूमिका, पाच हजारांहून जास्त प्रयोग, आणि नक्षलग्रस्त भागात तरुणांसाठी केलेलं काम, एवढ्या आयुष्यानंतर 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दादा कोंडके यांच्याशी तुलना हा गौरव आहे हे मला कळतं. तरी एक खंत राहते: पाच हजार प्रयोग केलेल्या नटाची ओळख राज्याला करून द्यायची तर मुंबईच्या नटाचं नाव वापरावं लागतं. खुणे यांनी दादांसारखं हसवलं असेल. पण दादांना जो सेन्सॉर, जे थिएटर, जो परगावचा प्रेक्षक सांभाळावा लागला तो खुणे यांना सांभाळावा लागला नाही. पहाटेपर्यंतचा मंडप त्यांचा होता.

तृषांत इंगळे यांच्या 2022 च्या ‘झॉलीवूड’ या चित्रपटानं हे जग पडद्यावर आणलं, आणि ते कुतूहलाची वस्तू न करता आतून दाखवलं. उलट्या दिशेची वाहतूकही सुरू आहे: मुंबईचे चित्रपट-मालिकांतले चेहरे हंगामात वडशाच्या कंपन्यांच्या नाटकांत येतात, फलकावर त्यांचं नाव मोठं असतं. गर्दी त्या नावाला होते. पण मध्यरात्रीनंतर मंडप जागा ठेवतो तो इथलाच विनोदी नट, आणि कंपनीच्या मालकालाही ते पक्कं ठाऊक असतं.

नव्या पिढीनं वेगळाच रस्ता धरला आहे. मोबाइलवर पोवारी, झाडी, मराठी आणि हिंदी यांच्या सरमिसळीतले छोटे विनोदी व्हिडिओ पोरं स्वतः लिहितात, स्वतः काढतात. त्यात पाटील कमी, बँकेचा मॅनेजर, कोचिंगची फी, जावयाची मोटारसायकल जास्त. प्रमाण मराठी त्यांना अडत नाही, हिंदीही अडत नाही. वाक्यात ज्या भाषेत हसू येतं ती भाषा ते वापरतात. निर्मितीची दोरी हातात आहे, थिएटर मिळवायचं नाही, सेन्सॉर नाही. टीव्हीसारखीच घाई मात्र आहे, उलट जास्त: इथे अर्धं मिनिटही कुणी देत नाही. म्हणून माझा एक आग्रह आहे आणि तो गोंदिया, भंडारा, बालाघाट या तिन्ही जिल्ह्यांतल्या मंडई समित्यांकडे आहे. नाटक कंपनीला देता तसा एका रात्रीचा मंडप या पोरांना द्या, तासाभराचा तरी खेळ त्यांना उभा करू द्या. समोर बसलेला माणूस केव्हा आपल्यासोबत हसतो आणि केव्हा आपल्याला हसतो हे फोनवरच्या आकड्यांत कळत नाही, ते थंडीत सतरंजीवर बसलेल्या चारशे माणसांसमोरच कळतं.